वन बीएचकेमधली गव्हाण

घरात ससा आणलाय? मस्त! आता कार्टूनमधलं गाजर विसरा आणि गवताचं बघा. ते जमिनीवर टाकलंत तर तो त्यावर फतकल मारून बसेल, उंच टांगलंत तर त्यात अडकेल. मग ठेवायचं तरी कुठे? पुण्यातल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, दोनदा तोंडावर आपटल्यावर सापडलेलं हे उत्तर.

“चिवडा खात नाहीये. हाफ डे हवाय,” असा मेसेज मी टीम लीडला टाकला. त्याचा रिप्लाय आला, “मग भडंग खा. हाफ डे कशाला?”

तसं बघितलं तर चूक त्याची नव्हती. सशाचं नाव चिवडा ठेवल्यावर असले घोळ होणारच. रंग तपकिरी, त्यात काळे-पिवळे ठिपके, वजन दीड किलो. रूममेटच्या मैत्रिणीची बंगलोरला बदली झाली, तेव्हा ती त्याला ‘फक्त दोन महिने हं’ म्हणून आमच्याकडे सोडून गेली. सोबत एक पिंजरा, पाण्याची बाटली आणि लाल-हिरव्या-पिवळ्या दाण्यांचं एक चकचकीत पाकीट. दोन महिन्यांचे सहा झाले, चिवडा आमचाच झाला. दाणे, गाजराच्या चकत्या, कोथिंबिरीच्या काड्या आणि चहाच्या वेळी अर्धं बिस्किट असा त्याचा मेनू होता. एकदम रॉयल. निदान आमच्या समजुतीत तरी.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तो अचानक कोपऱ्यात जाऊन बसला. हनुवटी ओली, पाठ कमानीसारखी. गाजर पुढे केलं तर नाकाने ढकलून दिलं. आम्ही एक रात्र वाट पाहिली. ही वाट पाहणं किती महागात पडू शकलं असतं, ते दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळलं.

“याला गवत किती देता?” डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडता उघडता विचारलं.

“कोथिंबीर देतो की रोज.”

“कोथिंबीर नाही हो. गवत. वाळलेलं गवत.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. डॉक्टरांनी मग बॅटरी मारून त्याची दाढ दाखवली. दाढेला सुईसारखं टोक आलं होतं आणि ते जिभेला टोचत होतं. भूल देऊन ती टोकं घासावी लागली. बिल भरताना वाटलं, एवढ्या पैशांत गोव्याची एक ट्रिप झाली असती.

त्या दिवशी जे ऐकलं ते प्रत्येक सशेवाल्याने फ्रिजवर चिकटवून ठेवावं असं आहे. सशाला अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर, म्हणजे वर्षाला दहा सेंटिमीटर! ते झिजायचे तर तास न् तास काहीतरी चघळायला हवं. दाणे कटकन फुटतात, गाजर दोन मिनिटांत संपतं. गवताची लांब काडी मात्र जबडा डावी-उजवीकडे फिरवत दळावी लागते. या दळण्यात दाढा घासल्या जातात. दुसरी गोष्ट पोटाची. सशाला उलटी करता येत नाही. त्याचं आतडं चालू राहायचं तर आत सतत चोथा जात राहिला पाहिजे. तो थांबला की आतडं मंदावतं, गॅस धरतो, दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल, तर ती सरळ इमर्जन्सी. आणि आम्ही काय केलं होतं, तर रात्रभर वाट पाहिली होती.

हिशेब सोपा आहे. सशाच्या खाण्यातलं पाचातले चार भाग गवत हवं. रोज साधारण त्याच्या स्वतःच्या आकाराएवढा ढीग. बाकी थोडा पाला, चिमूटभर पेलेट्स. गाजर म्हणजे आपली काजूकतली, सणासुदीला.

गवत आणलं, पुढे काय?

परदेशातले ससे टिमथी नावाचं गवत खातात. आपल्याकडे ते इम्पोर्ट होऊन येतं आणि किलोला काहीशे रुपये मोजावे लागतात. देशी पर्याय आहेत. ओटचं वाळलेलं गवत मिळतं आणि आपली हरळी, म्हणजे दूर्वा, सशांना भलतीच आवडते. (गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे एकवीस जुड्या बाप्पाला आणि तेवढ्याच चिवड्याला असतात. फक्त बाजारातल्या दूर्वा स्वच्छ धुऊन घ्या, कुठल्या कडेच्या असतील सांगता येत नाही.) लसूणघास मात्र जपून. त्यात प्रोटीन आणि कॅल्शियम भरपूर असतं, त्यामुळे वाढत्या पिल्लांना चालतो, पण मोठ्या सशाला रोज घातला तर जादा कॅल्शियम लघवीवाटे गाळासारखं बाहेर पडतं आणि मूत्राशयाचं दुखणं मागे लागतं. भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक, पण पोट भरण्यापलीकडे त्यात फारसा दम नाही.

तर आम्ही टिमथीचा किलोभराचा पुडा आणला आणि त्यातलं ओंजळभर गवत पिंजऱ्यात टाकलं. चिवडा खूश. त्याने वरवरच्या चार काड्या खाल्ल्या, मग उरलेल्या ढिगावर चढला, पंजांनी उकरला, त्यातच लेंड्या टाकल्या, वर शू केली आणि पसरून झोपला. संध्याकाळी त्याच गवताकडे त्याने असं बघितलं, जसं काही आपल्याला कोणी शिळी मॅगी वाढली आहे. आठ दिवसांत पुडा संपला. त्यातला निम्मा पोटात गेला असेल, निम्मा कचऱ्याच्या डब्यात. घरभर काड्या. लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये काड्या, उशीवर काड्या, एकदा तर माझ्या डब्यातल्या भेंडीत काडी. रूममेटला शिंका सुरू झाल्या. कामाच्या मावशींनी झाडू टेकवून सांगितलं, “ताई, मी घर झाडते. गोठा झाडत नाही.”

मग गवत स्टीलच्या घमेल्यात ठेवून पाहिलं. चिवडा घमेल्यात जाऊन बसला. विषय संपला.

फोटोतलं ते सुंदर झुंबर

प्रत्येक फसलेल्या प्रोजेक्टमागे एक सुंदर फोटो असतो. मी पाहिलेल्या फोटोत पांढरी भिंत होती, त्यावर काळ्या तारेची फळांची टोपली टांगलेली, टोपलीतून हिरवं गवत डोकावतंय आणि खाली एक गुबगुबीत ससा मान वर करून उभा. लाइक्स किती होते ते विचारू नका. मी तशीच टोपली आणली, खिडकीच्या ग्रिलला हुकाने अडकवली, गवत भरलं. चिवडा मागच्या पायांवर उभा राहून काड्या ओढायला लागला. आम्ही व्हिडिओ काढला. सॉलिड क्यूट.

चारेक दिवसांनी त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. कारण तेव्हा कळलं नाही, आता सांगते. वरून खाताना गवताचा भुसा आणि धूळ थेट डोळ्यांत पडते. ससा हे मान खाली घालून चरणारं जनावर आहे. त्याला आपल्या हौसेसाठी जिराफ करायचं म्हटलं तर कुठेतरी बिघडणारच.

पण खरा प्रकार झाला तो जानेवारीतल्या एका शुक्रवारी. संध्याकाळचे सात, रिलीजचा कॉल चालू, माझा माइक ऑन. मागून एकदम धाडधाड आवाज आला. वळून बघते तर चिवड्याचं डोकं टोपलीच्या दोन तारांमध्ये. पुढचे पाय हवेत, मागचे पाय भिंतीवर दणादण आपटतायत. तळाशी उरलेल्या काड्या खायला त्याने डोकं आत घातलं होतं. आत जाताना कान मागे पडले म्हणून डोकं गेलं, बाहेर काढताना गालफडं अडली.

इथे थोडं सशाच्या हाडांबद्दल. त्याचा सगळा सांगाडा मिळून वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के भरतो. हाडं नाजूक आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र दांडगे. घाबरून लाथा झाडताना ससा स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं, ते बरंच झालं, नाहीतर माझे हात चालले नसते. रूममेटने टॉवेल टाकून त्याला अंगाशी घट्ट धरलं, मागचे पाय पोटाशी दुमडून. मी टूलकिटमधली पक्कड आणली आणि तार तोडली. एक नाही, दोन तोडाव्या लागल्या. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं गेली असतील. कॉलवर अकरा लोक गप्प बसून ऐकत होते.

चिवडा सुटला तो फ्रिजच्या मागे जाऊन बसला आणि रात्री अकरापर्यंत बाहेर आला नाही. मानेखालचे थोडे केस गेले होते, बाकी काही नाही. आम्ही दोघी फ्रिजसमोर फरशीवर बसून होतो. टोपली मी आणली होती आणि ती आणताना मी सशाचा विचार केला नव्हता, भिंतीचा केला होता. रूममेट हे बोलली नाही. चांगली मुलगी आहे.

आबा म्हणाले, गव्हाण कर

रविवारी गावी फोन केला. आमचं गाव वाईजवळ. आबांकडे आता दोनच म्हशी आहेत, एकेकाळी बैलांच्या दोन जोड्या होत्या. आबांना ससा पाळण्याचं कौतुक अजिबात नाही. त्यांच्या लेखी ससा म्हणजे हरभऱ्याच्या शेतात रात्री घुसणारा. (तो खरं तर वेगळा प्राणी. रानातला ससा आपल्या कायद्याने संरक्षित आहे, त्याला पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे. घरी पाळतात तो युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज.) तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“वैरण पायाखाली घालता व्हय?”

“हो आबा, मग कुठे घालणार?”

“आगं, मग गव्हाण कशाला असती? जनावर तुडवलेलं खात न्हाई. आन् उंचावर बी टांगू नगंस. त्याच्या छातीइतकी ठेव. मान खाली जाऊन तोंड वैरणीत गेलं पायजे, पाय न्हाई.”

मी लहानपणी त्या गोठ्यात लपाछपी खेळलेली. गव्हाणीत शिरून बसायचे मी. दगडी कठडा, वर आडवं लाकूड. म्हैस त्या आडव्या लाकडाखालून मान घालायची आणि कडबा ओढून खायची. त्या लाकडाचं काम काय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पाय आत येऊ नये आणि मान सहज मागे घेता यावी, बस. सशाचं हे-रॅक म्हणजे दुसरं काय आहे? दीड किलोच्या जनावराची गव्हाण!

आबांचं एक मात्र अर्धंच लागू पडलं. म्हैस गव्हाणीत खाते आणि मागे शेण टाकते, दोन्ही जागा वेगळ्या. सशाचं खाणं आणि जाणं एकाच वेळी चालतं. तो गवत चघळत बसतो आणि बसल्या बसल्या लेंड्या टाकतो. आपल्याला हे ऐकून कसंतरी होतं, पण ससा पाळणाऱ्यांसाठी ही लॉटरी आहे. गवत लिटर ट्रेच्या अगदी लगत ठेवलं, की ससा आपोआप ट्रेमध्ये जाऊन बसतो आणि घरभर लेंड्या टाकणं जवळजवळ बंद होतं. अमेरिकेत १९८५ मध्ये ‘हाउस रॅबिट हँडबुक’ नावाचं पुस्तक आलं, १९८८ मध्ये हाउस रॅबिट सोसायटी स्थापन झाली आणि परसातल्या खुराड्यातला ससा माणसांबरोबर घरात राहू शकतो ही कल्पना तिथे रुजली. ती फ्लॅटमध्ये जमवायची तर ट्रे आणि त्याला लागून गवत, ही जोडी फार कामाची. आम्ही मात्र ट्रे बाल्कनीत आणि गवत हॉलमध्ये ठेवून चिवड्याला शिस्त लावत होतो.

आधी खोका, मग लाकूड

थेट लाकूड आणायला जाऊ नका. आधी पुठ्ठ्यावर ट्राय करा, हा माझा आगाऊ सल्ला. ऑनलाइन शॉपिंगचे खोके कोणाच्या घरात नाहीत? आम्ही बुटाच्या खोक्याएवढा एक घेतला. चिकटपट्ट्या, लेबलं, स्टेपलच्या पिना सगळं काढलं. पुढच्या बाजूला उभ्या फटी कापल्या, वरून गवत भरलं, झाकण लावलं आणि खोका ट्रेच्या लांब बाजूला भिंतीशी टेकवून ठेवला. पहिल्या अर्ध्या तासात चिवडा ट्रेमध्ये बसून काड्या ओढत होता. चार दिवस जबरदस्त चाललं. पाचव्या दिवशी त्याने गव्हाणच खाऊन टाकली. पुठ्ठा थोडाफार पोटात गेला तर बिघडत नाही, पण दर आठवड्याला सुतारकाम कोण करणार? तरी या चार दिवसांत फटी किती हव्यात, उंची किती, तो कुठल्या बाजूने बसतो हे सगळं कळलं. फुकटात.

फटींचा नियम लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. फट एकतर इतकी अरुंद हवी की सशाचं डोकं आत जाणारच नाही, किंवा इतकी मोठी की डोकं बिनदिक्कत आत जाऊन तसंच बाहेर येईल. मधलं माप म्हणजे फास. चिवड्याच्या गालफडांचं माप मी टेपने घेतलं (तो बिस्किटाच्या वासावर स्थिर बसला, एवढ्यापुरतं बिस्किट माफ) आणि फट ठेवली तीन सेंटिमीटर. माझी दोन बोटं शेजारी शेजारी आरामात जातात एवढी. त्यातून त्याचं नाक आणि ओठ गवतापर्यंत पोचतात, गाल अडतात. तुमचा ससा पाच किलोचा असेल किंवा मुठीएवढं पिल्लू असेल तर माप वेगळं येईल. पिल्लू असेल तर पुठ्ठ्यावरच भागवा, त्याचं डोकं रोज वाढतंय.

लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट गाठलं. तिथे पॅकिंगच्या पेट्यांचं पाइनवूड स्वस्तात मिळतं, पण घेताना त्यावरचा शिक्का वाचा. परदेशातून आलेल्या पेट्यांवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं आणि शेजारी अक्षरं. ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, चालेल. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते तिथेच ठेवा. दुकानदाराला मी शिक्का दाखवायला सांगितल्यावर तो म्हणाला, “मॅडम, देव्हारा करताय का?” प्लायवूड आणि एमडीएफ नको, त्यातला गोंद सशाच्या पोटात जायला नको. पॉलिश, रंग, वॉर्निश काही नको. ससा प्रत्येक वस्तू आधी चावून मग वापरतो.

आमची गव्हाण अशी: मागची फळी चाळीस सेंटिमीटर रुंद, तीस उंच. दोन्ही बाजूंना तिकोनी फळ्या, वर पंधरा सेंटिमीटर रुंद आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या, म्हणजे गवत संपत येईल तसं आपोआप खाली सरकतं. तळाला एक अरुंद पट्टी. पुढे वर एक आणि खाली एक आडवी पट्टी, त्यांत ड्रिलने भोकं पाडून बांबूच्या गोल काठ्या उभ्या बसवल्या. काठ्या बुरूड आळीतून आणल्या, हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड. स्क्रू सगळे बाहेरून, टोक कुठेही आत आलेलं नाही. प्रत्येक कड पॉलिशपेपरने घासली. वर झाकण, कारण झाकण नसेल तर ससा वरून उडी मारून आत बसतो आणि बाहेर येताना पाय काठ्यांत अडकवतो. बिजागरी म्हणून जुन्या जीन्सच्या दोन पट्ट्या. गव्हाण भिंतीला दोन हुकांनी पक्की केली, तिचा तळ ट्रेच्या कडेच्या जरा वर, म्हणजे बसलेल्या चिवड्याच्या छातीशी. सांडलेल्या काड्या ट्रेमध्येच पडतात.

दोन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी मी एक काठी उलटी मोजली आणि एक फट साडेचार सेंटिमीटरची झाली. दिसायला फारच किरकोळ चूक. रूममेट म्हणाली, “राहू दे गं, एवढ्याने काय होतंय?” मग आम्ही दोघींनी एकदम फ्रिजकडे बघितलं आणि ती पट्टी परत केली.

चौकट: सुतारकाम जमत नसेल तर

टेबलावर फायली उभ्या ठेवायचे बिनरंगाचे लाकडी बॉक्स मिळतात. तसा एक ट्रेशेजारी ठेवून भिंतीला पक्का स्क्रू करा, उघडी बाजू ट्रेकडे, गवत आत सैलसर. एक ससा असेल तर मस्त चालतं. स्टेनलेस स्टीलची जाळी वापरणार असाल तर तारांची टोकं घासून बोथट करा. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी टाळा, कारण ससा तार चावतो आणि जस्त पोटात जाणं वाईट. आयकियाचा प्लास्टिक पिशव्या ठेवायचा भोकाभोकांचा डबा जगभरच्या सशेवाल्यांनी गवतासाठी वापरलाय. भोक तुमच्या सशाच्या डोक्याशी मोजून बघा आणि प्लास्टिक कुरतडायची सवय असेल तर नको. दोऱ्याच्या जाळीची पिशवी आणि तारेचा गोल चेंडू या दोन गोष्टी कितीही गोंडस दिसल्या तरी घेऊ नका. पहिलीत नखं आणि दात अडकतात, दुसरीत मान.

गव्हाण भरायची कशी

ठासून नाही. काडी ओढली की निघाली पाहिजे. सशाला नाकासमोरचं दिसत नाही, तिथे त्याचा ब्लाइंड स्पॉट असतो. तो मिशा आणि ओठांनी चाचपून काडी निवडतो. म्हणून काही काड्या फटींतून बाहेर डोकावत ठेवते. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चरतात, त्यामुळे मी ऑफिसला निघायच्या आधी आणि घरी आल्यावर अशी दोनदा भरते. आमच्या शिफ्टला हे टाइमटेबल फिट बसतं. दिवसभर तो बहुतेक लोळतो. जुनं गवत तळाशी साचू द्यायचं नाही, दर दोन दिवसांनी झटकायचं. कधी मध्ये ओटच्या चार काड्या खुपसून ठेवते, तेवढीच ट्रेझर हंट.

पुण्या-मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात. जुलैमध्ये गवत दमट होतं, पुडा तसाच बंद ठेवला तर आत पांढरी-करडी बुरशी येते. बुरशीचं गवत सशाला अजिबात द्यायचं नाही, झटकून, उन्हात वाळवूनसुद्धा नाही. आम्ही पावसाळ्यात अर्धा-अर्धा किलोच आणतो, सुती पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवतो आणि रोज काढताना हुंगून बघतो. चांगल्या गवताला चहापत्तीसारखा वास येतो. कोंदट वास आला की सरळ टाकायचं, पैशांकडे बघायचं नाही.

फायदा काय झाला? गवताचा पुडा आठ दिवसांऐवजी अठरा-वीस दिवस पुरायला लागला. मावशी परत हॉल झाडायला लागल्या. दाढा दर सहा महिन्यांनी तपासतो, पुन्हा घासाव्या लागलेल्या नाहीत. लेंड्या आधी बारीक, काळ्या होत्या, आता मोठ्या, गोल, मातकट रंगाच्या, तोडून बघितल्या तर आत नुसता चोथा. हो, मी लेंड्या तोडून बघते. ससा पाळलात की तुम्हीही बघाल.

पण ज्या फायद्याचा विचारच केला नव्हता तो एप्रिल २०२५ मध्ये कळला. पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला. ससे घाम गाळत नाहीत, कानांतून उष्णता सोडतात आणि तिशीच्या पुढे त्यांचे हाल सुरू होतात. रात्री तास-दोन तास लाइट गेले होते. सकाळी साडेसहाला उठून चहा ठेवला, गव्हाणीकडे गेले आणि थबकले. रात्री भरलेलं गवत तसंच होतं. मी वरच्या पट्टीपर्यंत भरते, सकाळी ते निम्म्याच्या खाली असतं. त्या दिवशी पट्टीशीच. काड्या जशा डोकावत ठेवल्या होत्या तशाच डोकावत होत्या.

चिवडा ट्रेमध्ये बसला होता. डोळे उघडे, कान हलवत होता. बघणाऱ्याला वाटलं असतं, एकदम ठणठणीत. जमिनीवर गवत टाकायचो त्या काळात मला हे कधीच समजलं नसतं. तिथे खाल्लेलं किती, तुडवलेलं किती, कोण मोजणार? मी ट्रे बघितला. रात्रभरात सात लेंड्या. चहा गॅसवर तसाच सोडून डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, “शेवटचं कधी खाल्लंय?” मी म्हटलं, “रात्री साडेनऊला भरलं, त्यानंतर एक काडी नाही.” त्या म्हणाल्या, “लगेच आणा.”

आठ वाजता तो टेबलावर होता. पोटात गॅस धरायला सुरुवात झाली होती. सलाइन, वेदना कमी करायचं इंजेक्शन, आतडं चालू करायचं औषध. दुपारी सिरिंजने पातळ केलेलं गवताचं पीठ भरवलं, ते त्याने अर्धं माझ्या कुर्त्यावर उडवलं. संध्याकाळी पाचला पहिली लेंडी पडली. मी ग्रुपवर फोटो टाकला. टीम लीडने अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, “काँग्रॅट्स. हे नेमकं काय आहे?”

रात्री घरी आणलं. गव्हाणीत ताज्या हरळीच्या काड्या वर खोचून ठेवल्या. साडेदहाला एक काडी हलली, मग दुसरी. रूममेट आणि मी दिवा बंद करून सोफ्यावर बसून कटरकटर आवाज ऐकत होतो. आबांचा फोन आला, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “उद्या सकाळी बघ किती उतरलीया.”

सकाळी बघितलं. पट्टीपासून चार बोटं खाली.

आता डावीकडची तिसरी काठी त्याने कुरतडून निम्मी केलीये. या शनिवारी बुरूड आळीत जायचंय.